लग्न न करता एकत्र राहणारे आई-बाबा आणि कायदा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्या आणि मूल असलेल्या, किंवा मूल होऊ घातलेल्या जोडप्यांसाठी आहे. कायदा भारतातला धरला आहे. राज्याचा नियम लागतो तिथे महाराष्ट्राचा. दोघं धडधाकट आहेत आणि दोघांचं पटतंय, तोवर लग्न झालेल्या आणि न झालेल्या घरात कायद्याला फारसा फरक दिसतच नाही. तो दिसतो दोनच दिवशी: वेगळं व्हायची वेळ येते त्या दिवशी आणि दोघांपैकी एक जण जातो त्या दिवशी. खालचे बहुतेक प्रश्न या दोन दिवसांचेच आहेत, विचारणाऱ्याने ते तसे विचारले नसले तरी.

लग्न न करता एकत्र राहणं हा गुन्हा आहे का?

नाही. दोन सज्ञान माणसं स्वेच्छेने एकत्र राहत असतील तर तो गुन्हा होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये एका अभिनेत्रीवरचे खटले रद्द करताना स्पष्ट केलं. २०१८ मध्ये त्याच न्यायालयाने पुढे सांगितलं, की मुलाचं वय लग्नाच्या वयापेक्षा, म्हणजे २१ पेक्षा, कमी असलं तरी दोघं सज्ञान असतील तर एकत्र राहू शकतात. सोसायटी, घरमालक, नातेवाईक काय म्हणतात तो भाग निराळा. उत्तराखंडचा नियम मात्र वेगळा आहे, तो शेवटाकडे दिला आहे.

बारा वर्षं एकत्र राहतोय, मूलही आहे. म्हणजे कायद्याने आम्ही आपोआप नवरा-बायको झालो ना?

नाही. ‘इतकी वर्षं झाली की लग्न झाल्यासारखंच’ असा वर्षांचा आकडा भारतीय कायद्यात कुठेही नाही. सात नाही, दहा नाही, वीसही नाही.

हा समज येतो तो एका खऱ्या तत्त्वावरून. स्त्री-पुरुष दीर्घकाळ पती-पत्नी म्हणून राहिले आणि समाजानेही त्यांना तसंच ओळखलं, तर त्यांचं लग्न झालं असावं, असं न्यायालय गृहीत धरू शकतं. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर सुमारे पन्नास वर्षं एकत्र राहिलेल्या जोडप्याचं प्रकरण आलं होतं. इतक्या वर्षांनी त्यांना लग्नाचे साक्षीदार आणायला सांगणं न्यायालयाला पटलं नाही. २०२२ मध्ये केरळमधल्या एका वाटणीच्या दाव्यात याच तत्त्वावर मुलाला हिस्सा मिळाला. पूर्वी याचा आधार पुरावा कायद्याचं कलम ११४ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ११९ आहे.

पण नीट पाहा. इथे न्यायालय लग्न लावून देत नाही. लग्न झालंच असावं आणि त्याचा पुरावा काळाच्या ओघात हरवला असावा, एवढंच ते मानतं. ज्यांनी विचारपूर्वक लग्न केलं नाही, प्रत्येक फॉर्मवर ‘अविवाहित’ लिहिलं आणि चारचौघांत तसं सांगितलंही, त्यांना या अनुमानाचा आधार मागणं अवघडच. आणि दोघांपैकी एकाचा आधीचा जोडीदार हयात असेल, घटस्फोट झालेला नसेल, तर हे अनुमान उभंच राहत नाही.

आम्ही नोटरीकडे शंभराच्या स्टॅम्पपेपरवर केलंय. ते चालेल?

लग्न म्हणून नाही. नोटरीला लग्न लावण्याचा अधिकार नाही. केंद्रीय विधी मंत्रालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये नोटरींना विवाहाची आणि घटस्फोटाची प्रतिज्ञापत्रं करू नका, अशी लेखी तंबीही दिली. इतकंच कशाला, हिंदू विवाह कायद्याखाली विधी न करता नुसतं नोंदणी प्रमाणपत्र काढलं तरी लग्न होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये सांगितलं. विधी नको असतील तर विशेष विवाह कायदा, १९५४ आहे, त्याबद्दल पुढे.

आमचं मूल ‘अनौरस’ ठरतं का?

शब्द कानाला बरा वाटत नाही, पण कायद्याच्या पुस्तकात तो अजून आहे, म्हणून त्याला टाळून उत्तर देता येत नाही. उत्तर तीन भागांत आहे आणि तिसराच त्रासदायक आहे.

पोषणाच्या बाबतीत फरक नाही. मूल औरस असो वा अनौरस, आई-वडिलांना ते सांभाळावंच लागतं.

आईच्या मालमत्तेबाबतही फरक नाही. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ च्या कलम ३(१)(ञ) नुसार असं मूल आईचं नातेवाईक मानलं जातं. आई मृत्युपत्र न करता गेली तर ते तिचं वारस असतं.

वडिलांच्या बाबतीत मात्र त्याच कलमाची दुसरी बाजू पुढे येते. लग्नाबाहेर जन्मलेलं मूल आईशी आणि आपल्या सख्ख्या भावंडांशी नातं सांगतं. वडिलांशी सांगतं असं कायदा म्हणत नाही. हिंदू विवाह कायद्याचं कलम १६ बऱ्याच जणांना ऐकून माहीत असतं. ते कलम निरर्थक किंवा रद्द होण्याजोग्या लग्नातल्या मुलांना औरस ठरवतं. उदाहरणार्थ, पहिली बायको हयात असताना केलेलं दुसरं लग्न कायद्याने शून्य, पण त्यातलं मूल औरस. अशा मुलाला आई-वडिलांच्या मालमत्तेत हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने १ सप्टेंबर २०२३ रोजी त्यात भर घातली: एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत वडिलांचा म्हणून जो हिस्सा निघाला असता, त्यातही या मुलाला वाटा मिळेल, मात्र ते जन्माने सहहिस्सेदार होणार नाही, म्हणजे आजोबांकडे स्वतः वाटणी मागू शकणार नाही.

आता गोम अशी, की कलम १६ ला निदान एक लग्न लागतं, मग ते कायद्याने कितीही फुसकं असो. जिथे लग्नाचा कोणताच विधी झाला नाही, तिथे मुलाला आधी ‘दीर्घ सहवास म्हणून लग्नाचं अनुमान’ हा रस्ता न्यायालयात सिद्ध करावा लागतो. फसवून दुसरं लग्न केलेल्या माणसाच्या मुलाची बाजू, प्रामाणिकपणे लग्न न केलेल्या माणसाच्या मुलापेक्षा भक्कम, असा हा उलटा हिशेब आहे. संसदेने तो कधीच दुरुस्त करायला हवा होता.

यावर उपाय वडिलांच्या हातात असतो आणि तो म्हणजे मृत्युपत्र. स्वकष्टार्जित मालमत्ता ते कुणालाही देऊ शकतात. एकत्र कुटुंबातला स्वतःचा हिस्साही हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम ३० नुसार मृत्युपत्राने देता येतो.

जन्माच्या दाखल्यावर वडिलांचं नाव लागेल का?

दोघं मिळून सांगत असाल तर सहसा अडचण येत नाही. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते. रुग्णालयात बाळंतपण झालं तर माहिती तिथूनच जाते, म्हणून रुग्णालयाचा फॉर्म भरतानाच दोघांची पूर्ण नावं नीट लिहा. ही नोंद हलक्यात घेऊ नका. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मणाऱ्या मुलांसाठी शाळाप्रवेश, पासपोर्ट, मतदार यादी अशा कामांना जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून हाच दाखला धरला जातो.

लग्न झालेल्या जोडप्याला इथे एक देणगी फुकट मिळते. लग्न चालू असताना, किंवा ते संपल्यावर २८० दिवसांच्या आत आणि आईने पुन्हा लग्न केलेलं नसताना, जन्मलेलं मूल हे त्या नवऱ्याचंच, असं साक्ष्य अधिनियमाचं कलम ११६ मानतं. नवऱ्याला ते नाकारायचं असेल तर सिद्ध करण्याचं ओझं त्याच्यावर. तुमच्याकडे हे अनुमान नाही. उद्या वडिलांनी किंवा वडिलांच्या पश्चात काकांनी नातं नाकारलं, तर सिद्ध करण्याचं ओझं मुलाच्या बाजूवर येतं, मग डीएनए चाचणीपर्यंत प्रकरण जातं. म्हणून जन्मदाखल्यावरचं नाव, आणि वडिलांनी स्वतः सही केलेलं, ‘हे मूल माझं आहे’ असं सांगणारं प्रतिज्ञापत्र, या दोन गोष्टी मूल पाळण्यात असतानाच करून ठेवा.

आईला वडिलांचं नाव लावायचंच नसेल तर तेही शक्य आहे. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका अविवाहित आईला वडिलांचं नाव उघड न करता, त्यांना नोटीस न देता एकटीने पालक होण्याची मुभा दिली. अविवाहित आईने प्रतिज्ञापत्र दिलं की दाखला द्यावा, असंही सांगितलं.

महाराष्ट्रात १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांची नावं सरकारी कागदांवर मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव अशी लिहिली जातात.

पालक कोण? दोघं ना?

घरात दोघं. कागदावर क्रम ठरलेला आहे आणि लग्नानुसार तो चक्क उलटतो. हिंदू अज्ञान व पालकत्व कायदा, १९५६ च्या कलम ६ मध्ये लग्नातल्या मुलाचे नैसर्गिक पालक आधी वडील, मग आई. (१९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘नंतर’ याचा अर्थ ‘वडील नसतील किंवा लक्ष देत नसतील तेव्हा’ असा लावून आईची बाजू पुष्कळ सावरली.) लग्नाबाहेरच्या मुलाची पालक आधी आई, मग वडील.

म्हणून लग्न न केलेल्या बाबांनी हे वाचून ठेवावं. रोज डबा भरून देणारे, पालकसभेला जाणारे तुम्हीच असलात, तरी वाद झाला तर कायद्याची पहिली नजर आईकडे जाते. ताबा आणि भेटीचे हक्क मागता येतात. पालक व पाल्य कायदा, १८९० खाली अर्ज करायचा, आणि तिथे लग्न झालंय की नाही यापेक्षा मुलाचं हित मोठं मानलं जातं. पण अर्ज करावा लागतो, आणि तो लांबतो.

वेगळे झालो तर मुलाच्या पोटगीचं काय?

ती मिळते. लग्न असो वा नसो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १२५) औरस किंवा अनौरस असे दोन्ही शब्द स्पष्ट आहेत, आणि धर्म कोणताही चालतो. हिंदूंसाठी दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ च्या कलम २० मध्ये ही जबाबदारी आई आणि वडील दोघांवर टाकली आहे. वडील वारले तरी ती पूर्ण संपत नाही: कलम २१ आणि २२ नुसार त्यांचा अज्ञान अनौरस मुलगा आणि अविवाहित अनौरस मुलगी हे ‘आश्रित’ ठरतात, आणि ज्या वारसांना मालमत्ता मिळाली त्यांच्याकडे त्या मालमत्तेतून निर्वाह मागू शकतात. हे कलम फारसं कुणी वापरत नाही. वापरायला हवं.

एक लक्षात ठेवा: ‘मुलासाठी मी काही मागणार नाही’ असं आईने लिहून दिलं तरी मुलाचा हक्क त्याने जात नाही. तो हक्क तिचा नाहीच, मुलाचा आहे.

आणि मला? मी नोकरी सोडून मूल सांभाळलंय.

लग्न झालेल्या बाईला कलम १४४ ची पोटगी, घटस्फोटात कायम निर्वाह, असे दरवाजे आहेत. लग्न नसलेल्या बाईसाठी खात्रीचा दरवाजा एकच: कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण कायदा, २००५. तो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे आणि ‘विवाहसदृश नातं’ हे शब्द त्यात स्पष्ट आहेत.

सगळं अडतं ते विवाहसदृश कशाला म्हणायचं इथे. २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कसोट्या घातल्या: दोघं लग्नाच्या वयाची असावीत, लग्न करायला मोकळी असावीत, स्वेच्छेने बराच काळ एकत्र राहिलेली असावीत आणि जगासमोर जोडप्यासारखी वावरलेली असावीत. शनिवार-रविवारची सोबत यात बसत नाही, असंही म्हटलं. २०१३ मध्ये यादी वाढली: किती वर्षं, एक घर, एकत्र पैसा, घरकामाची वाटणी, आणि मुलं. मूल असणं ही नातं टिकवण्याच्या इराद्याची मोठी खूण आहे, असं तिथे आलं. त्यामुळे हे पान वाचणाऱ्या बहुतेक जणींची बाजू मुळातच बरी आहे. पण त्याच २०१३ च्या प्रकरणात, पुरुष विवाहित आहे हे माहीत असूनही त्याच्यासोबत राहिलेल्या बाईला संरक्षण मिळालं नाही.

हा कायदा लागला तर मिळतं बरंच. राहत्या घरातून बाहेर काढता येत नाही, मग घर कुणाच्याही नावावर असो. दंडाधिकारी खर्चाचे पैसे, नुकसानभरपाई आणि मुलाचा तात्पुरता ताबा देऊ शकतात. हिंसाचार म्हणजे मारहाणच, असंही नाही; पैसे बंद करणं, दागिने किंवा घरखर्च अडवून ठेवणं हाही आर्थिक हिंसाचार आहे. अर्ज संरक्षण अधिकाऱ्यामार्फत किंवा थेट दंडाधिकाऱ्याकडे करता येतो. कायदा तो साठ दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करा म्हणतो; प्रत्यक्षात वेळ लागतो, पण अंतरिम आदेश लवकर मागता येतो.

पुरुषाला असं काही संरक्षण आहे?

नाही. हा कायदा स्त्रियांसाठीच आहे. लग्न झालेला नवरा निदान हिंदू विवाह कायद्याखाली बायकोकडे निर्वाह मागू शकतो. लग्न न केलेल्या जोडीदाराला तेही नाही.

घर दोघांच्या कमाईचं आहे, पण एकाच्याच नावावर. वेगळं होताना निम्मं मिळेल?

इथे आधी लग्नाबद्दलचाच एक गैरसमज काढून टाकू. भारतात बहुतांश ठिकाणी लग्न केल्यानेही निम्मं घर मिळत नाही. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या दिवाणी संहितेमुळे वेगळा करार नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक होते. बाकी देशात ज्याच्या नावावर, ज्याचा पैसा, त्याचं. बायकोला पोटगी मिळते, राहण्याचा हक्क मिळतो, मालकी नाही. त्यामुळे ‘लग्न केलं असतं तर निम्मं मिळालं असतं’ ही खंत बरेचदा चुकीची असते.

पण लग्न झालेल्यांना दोन सवलती आहेत, ज्या तुम्हाला नाहीत, आणि त्या कुणी आधी सांगत नाही.

पहिली बेनामी व्यवहारांची. स्वतःच्या ज्ञात उत्पन्नातून पती किंवा पत्नीच्या, किंवा मुलाच्या नावावर घर घेतलं तर तो बेनामी व्यवहार ठरत नाही. १९८८ च्या कायद्यात तशी सूट आहे. लग्न न केलेली जोडीदार त्या सुटीत नाही. सगळे पैसे एकाने भरून दुसऱ्याच्या नावावर फ्लॅट घेतला, तर प्रेमाने केलेल्या गोष्टीची बेनामी म्हणून चौकशी होऊ शकते. म्हणून खरेदीखत दोघांच्या नावावर करा, कुणी किती भरले ते बँकेतून जाऊ द्या आणि हिस्सा खतातच लिहा.

दुसरी बक्षिसाची. महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातवंडं यांना बक्षीसपत्राने दिली तर मूळ मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे. जोडीदाराला दिली तर बाहेरच्या माणसाला दिल्यासारखं शुल्क. प्राप्तिकरातही तसंच: पती-पत्नीतल्या भेटींवर घेणाऱ्याला कर नाही, पण ‘नातेवाईक’ नसलेल्याकडून वर्षात ५०,००० रुपयांहून जास्त मिळाले तर ते उत्पन्न धरलं जातं. कायद्याच्या यादीत तुमच्या मुलाची आई तुमची नातेवाईक नाही. तुमचं मूल मात्र आहे, म्हणून मुलाला थेट दिलेलं बरं पडतं. फक्त स्थावर मालमत्ता अज्ञान मुलाच्या नावावर केली की ती विकायला न्यायालयाची परवानगी लागते, हेही हिशेबात धरा.

आमच्यातला एक जण अचानक गेला तर?

सगळ्यांत कमी विचारला जाणारा आणि सगळ्यांत जास्त नडणारा प्रश्न.

मृत्युपत्र नसेल तर जोडीदाराला काहीही मिळत नाही. हिंदू पुरुषाच्या पहिल्या वर्गातल्या वारसांत मुलगा, मुलगी, विधवा, आई वगैरे येतात. ‘जोडीदार’ हा शब्दच नाही. लग्न न केलेला पुरुष गेला तर सातबाऱ्यावर किंवा सोसायटीच्या दाखल्यावर बहुधा त्याच्या आईचं नाव चढतं, आणि मुलाला आपलं नातं सिद्ध करत बसावं लागतं. बाई गेली तर तिचं मूल वारस होतं, पण तिच्यासोबत वीस वर्षं हप्ते भरलेला जोडीदार होत नाही.

मृत्युपत्र साध्या कागदावरही होतं. सही आणि दोन साक्षीदार लागतात. नोंदणी सक्तीची नाही, पण नातेवाईक तक्रार करतील अशी शंका असेल तर दुय्यम निबंधकाकडे नोंदवाच, आणि ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार ठेवू नका. मुस्लीम व्यक्तीला मृत्युपत्राने साधारणपणे एक तृतीयांशच देता येतं, त्यांनी हयातीतच बक्षीस देण्याचा, म्हणजे हिबाचा, विचार करावा.

‘मी तिला नॉमिनी केलंय’ हे वाक्य फार ऐकू येतं. नॉमिनी म्हणजे पैसे हातात घेणारा, मालक वारसच. सर्वोच्च न्यायालयाने शेअर्सच्या बाबतीत डिसेंबर २०२३ मध्ये हे पुन्हा सांगितलं. आयुर्विम्यात २०१५ पासून आई-वडील, पती-पत्नी आणि मुलं हे नॉमिनी असतील तर पैसे त्यांचेच होतात. जोडीदार त्या यादीत नाही, मूल आहे. बँक खात्याला आता चारपर्यंत नॉमिनी ठेवता येतात, तिथे मुलाचंही नाव घाला.

भविष्य निर्वाह निधीत तर खास सापळा आहे. सदस्याला ‘कुटुंब’ असेल तर नामनिर्देशन कुटुंबातल्याच व्यक्तीचं करावं लागतं, आणि कुटुंबात पती-पत्नी, मुलं, अवलंबून असलेले आई-वडील असे मोजके जण येतात. म्हणजे मूल झालं की तुम्हाला कुटुंब आहे, आणि जोडीदाराच्या नावाचं नामनिर्देशन अवैध. मूल होण्यापूर्वी भरलेला फॉर्म अनेकांच्या कार्यालयात तसाच पडून असतो. तो बदलून मुलाचं नाव टाका आणि अज्ञान मुलासाठी पालक म्हणून कोण, तेही लिहा. निवृत्तिवेतन योजनेतलं विधवा किंवा विधुर निवृत्तिवेतन जोडीदाराला मिळत नाही.

रुग्णालयात सही कोण करणार?

रोजच्या उपचारात रुग्णालयं सोबत असलेल्याची सही घेतात, फारशी चौकशी न करता. अडचण येते ती अवयवदानासारख्या बाबतीत: १९९४ च्या प्रत्यारोपण कायद्यात ‘जवळचे नातेवाईक’ ठरलेले आहेत. पती-पत्नी त्यात आहेत. जोडीदाराला मूत्रपिंड द्यायचं तर प्राधिकार समितीची परवानगी लागते. मानसिक आरोग्य कायदा, २०१७ इथे सुखद अपवाद आहे. त्याखाली साध्या कागदावर लिहून कुणाही सज्ञान व्यक्तीला आपला प्रतिनिधी नेमता येतं.

शाळा आणि पासपोर्ट?

यात पूर्वीइतका त्रास राहिलेला नाही. पासपोर्टच्या नियमांत डिसेंबर २०१६ मध्ये बदल झाला: आई किंवा वडील यांपैकी एकाचं नाव पुरतं, विवाह प्रमाणपत्र मागत नाहीत आणि लग्नाबाहेर जन्मलेल्या मुलांसाठी वेगळं परिशिष्ट आहे. शाळेला जन्मदाखला लागतो, लग्नाचा नाही. तरी कुणी मागितलाच, तर कोणत्या नियमाने मागताय ते लेखी द्या म्हणावं; बहुतेक वेळा विषय तिथेच संपतो.

दुसरं मूल दत्तक घ्यायचंय.

एकत्र नाही. २०२२ च्या दत्तक नियमावलीनुसार जोडप्याचं वैवाहिक नातं किमान दोन वर्षं स्थिर असावं लागतं. एकट्या व्यक्तीला दत्तक घेता येतं, मात्र एकट्या पुरुषाला मुलगी घेता येत नाही. सरोगसीही २०२१ च्या कायद्याने विवाहित जोडप्यांना आणि ३५ ते ४५ वयाच्या विधवा किंवा घटस्फोटित स्त्रीलाच खुली आहे.

माझ्या जोडीदाराचा आधीच्या लग्नातून घटस्फोट अजून झालेला नाही. मग?

मग या पानावरचं जवळजवळ सगळं जोडीदारासाठी कठीण होतं आणि मुलासाठी तसंच राहतं. एकत्र राहण्यावर फौजदारी कारवाई होत नाही. व्यभिचार हा गुन्हा २०१८ मध्ये रद्द झाला. पण घटस्फोटाआधी मंदिरात जाऊन हार घातले तर द्विभार्येचा गुन्हा होऊ शकतो. बाईला आधीचं लग्न लपवून फसवलं गेलं असेल तर न्यायालयं तिला पोटगीच्या बाबतीत पत्नी मानतात, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तसं केलं. मुलाची पोटगी कशानेच अडत नाही. आणि मृत्युपत्र इथे ऐच्छिक समजू नका, कारण कायदेशीर पत्नी वारस म्हणून येणारच.

आता लग्न केलं तर आधी झालेल्या मुलाला फायदा होतो?

आई-वडिलांना लगेच होतो. मुलाचं उत्तर तितकं सरळ नाही. नंतरच्या लग्नाने आधीचं मूल औरस होतं, असं हिंदू विवाह कायद्यात कलम नाही. विशेष विवाह कायद्याच्या कलम १५ मध्ये, पूर्वी विधी करून झालेलं लग्न आता नोंदवता येतं आणि कलम १८ नुसार त्या विधीच्या तारखेनंतर जन्मलेली मुलं औरस मानली जातात. पण त्यासाठी तेव्हा विधी झालेला असायला हवा. तुमचा कधी घरच्या घरी विधी झाला असेल आणि नोंद राहून गेली असेल तर फोटो, पुरोहित, साक्षीदार शोधा. हा रस्ता सोन्याचा आहे. विधीच झाला नसेल तर आज लग्न करा, जन्मदाखला आणि वडिलांचं प्रतिज्ञापत्र जपून ठेवा आणि मृत्युपत्र तरीही करा. हिंदूंचं मृत्युपत्र नंतर लग्न केल्याने रद्द होत नाही. ख्रिस्ती आणि पारशी व्यक्तींचं होतं, त्यांनी लग्नानंतर नवं करावं.

विशेष विवाह कायद्याखालचं लग्न असं होतं: दोघांपैकी एक जण किमान ३० दिवस ज्या जिल्ह्यात राहतो तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची, ३० दिवस थांबायचं, आक्षेप आला नाही तर तीन साक्षीदारांसमोर सह्या. नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर नोटीस पुन्हा. ती लावली जाते ती सूचना फलकावर, हे घरी अजून सांगितलं नसेल तर ध्यानात असू द्या.

आमचे धर्म वेगळे आहेत.

तर मार्ग तोच, विशेष विवाह कायदा. फरक वारशात पडतो. दोघंही हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन असाल तर या कायद्याने लग्न करूनही हिंदू उत्तराधिकार कायदाच लागतो. धर्म वेगळे असतील तर भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ लागतो. त्यात मुलं असताना विधवेला एक तृतीयांश आणि मुलांना दोन तृतीयांश.

उत्तराखंडचा काय नियम आहे?

तिथे २७ जानेवारी २०२५ पासून समान नागरी संहिता लागू आहे. एकत्र राहणाऱ्यांनी निबंधकाकडे निवेदन देणं सक्तीचं आहे; महिनाभरात न दिल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तिथले रहिवासी बाहेरच्या राज्यात राहत असले तरी त्यांना हे लागतं. अशा नात्यातलं मूल तिथे औरस मानलं जातं आणि सोडून दिलेल्या बाईला पोटगी मागता येते. मुलाबद्दलची ती एक ओळ देशभर यायला हवी; तिच्यासोबत आलेली शयनगृहातली सरकारी चौकशी कशाला हवी, हे मात्र मला आजवर कळलेलं नाही.

आपसात करार केला तर न्यायालय मानेल?

पैशाअडक्याचा मानेल: घरात कुणाचा किती हिस्सा, कर्ज कोण फेडणार, सामान कुणाचं. ‘आम्ही नवरा-बायको आहोत’ किंवा ‘मुलाचा खर्च वडील देणार नाहीत’ अशा अटींना किंमत नाही. ताब्याबद्दल लिहिलेलं न्यायालय वाचेल, पण मुलाचं हित पाहून बदलूही शकेल.

वकील परवडत नाही.

स्त्रिया आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ मध्ये तसं आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, किंवा १५१०० वर फोन करा. हिंसाचार होत असेल तर १८१. जाताना मुलाचा जन्मदाखला, दोघांचा एकच पत्ता दाखवणारा कोणताही कागद (भाडेकरार, गॅसची नोंद, बँकेचं पत्र) आणि एकत्र पैसे दिल्याघेतल्याची बँकेची पानं सोबत न्या. मूळ प्रती घरी ठेवा, झेरॉक्स द्या.